चौदावी वायर

३ फेब्रुवारी

चि. भावास,

पत्र कसं सुरू करतात ते दोन वर्षांत विसरले, म्हणून आशीर्वाद आणि खुशाली दोन्ही गाळते. कामापुरतं लिहिते आहे.

लाकडाच्या वखारवाल्याला त्याची शेड महिनाअखेर रिकामी करून हवी आहे. म्हणजे आपण तिघांनी बांधलेलं विमान, किंवा त्याचं जे काय उरलंय ते, ताडपत्रीखालून बाहेर काढून सुटं करून हलवणं आलं. तुझे भाऊजी वॉकर घेऊन शेडच्या दारापर्यंत येऊ शकतात, पण वाकता येत नाही. तेव्हा खोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. गेले चार दिवस दुकान दुपारी बंद करते, शाळेचे गणवेश तसेच टेबलावर टाकते आणि पाने-पक्कड घेऊन तिकडे जाते.

आतली यंत्रं मात्र चांगली आहेत. रेडिओ, उंची आणि वेग दाखवणारा तो स्क्रीन, हेडफोनची पेटी, कशावर ओरखडासुद्धा नाही. ती फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ वर्गाला द्यायचं ठरवलंय. ते म्हणाले, वायरींसकट द्या, शिकवायला बरं पडेल. म्हणून तुझी वही काढली. ती अजून शेडमधल्या फळीवरच आहे.

तर प्रश्न असा. नवव्या पानावर तू इंजिनामागच्या पितळी पट्टीचं चित्र काढलंयस आणि खाली लिहिलंयस, ‘परतीच्या सगळ्या वायरी इथेच. एकूण चौदा.’ मी तीनदा मोजल्या. तेराच भरतात. चौदावा स्क्रू रिकामा आहे. कुठली वायर काढलीस आणि का, एवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

ह्यांची तब्येत बरी आहे. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते.

ताई


११ फेब्रुवारी

चि. भावास,

आठ दिवस झाले, तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. तुला राग आहे, मान्य. मलाही आहे. पण राग गुंडाळून ठेवून वायरचा नंबर सांगायला काय जातं? आपण दोघं तर जेवतानासुद्धा भांडणारी माणसं. हे असं मुक्याने बसणं तू कुठे शिकलास?

असू दे. तुझ्यावाचून सापडली मला ती.

वायरींच्या जुड्या मीच बांधल्या होत्या, तेव्हा त्या सोडायला मला कुणाची शिकवणी नको. मेण लावलेल्या दोऱ्याची तू दाखवलेली गाठ, बोटभर अंतरावर एक. सातशेच्या वर गाठी मारल्या असतील मी त्या धुडात. एकेक कापत मागे मागे गेले. बॅटरीकडून येणारी ती जाड काळी वायर पट्टीकडे गेलेलीच नाही. मध्येच वळून इंजिनाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर जाऊन बसली आहे, एका बोल्टखाली.

आता मी शिंपीण आहे, पण तू आम्हाला शेडमध्ये उभं करून जे सांगितलं होतंस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. ट्रकचं अख्खं अंगच लोखंडाचं, कुठेही वायर टेकवा, वीज परत बॅटरीकडे जाते. आपलं विमान लाकडाचं. लाकडातून काही जात नाही. म्हणून इथे प्रत्येक यंत्राची वायर आपल्या पायांनी परत यायला हवी आणि सगळ्यांनी एकाच दारातून शिरायला हवं. ते दार म्हणजे ती पितळी पट्टी. ह्यांनी तेव्हा तुझी केवढी टर उडवली होती. चाळीस वर्षं ट्रकखाली झोपून काढली आणि आता हा शेंबडा आम्हाला अर्थिंग शिकवतोय म्हणाले. तू हसलास आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस.

एवढं सगळं सांगून शेवटी तूच बॅटरीची वायर दारातून काढून भलत्याच खिडकीला लावलीस, आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाहीस. विमान पडल्यावर तपासनिसाने अहवालात लिहिलं होतं, जोडणीतला दोष. कुठली जोडणी ते त्यालाही धड कळलं नव्हतं. ती हीच असणार. ठोंब्या, तू हे वहीत का लिहिलं नाहीस?

बघ, लिहायच्या ओघात ठोंब्या लिहून गेले. लिहायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र खटकते. तू आवळलेल्या प्रत्येक नटावर लाल रेघ असते, नट जरा जरी फिरला तरी कळावं म्हणून. त्यापायी तू माझी नेलपॉलिशची आख्खी बाटली पळवली होतीस. पट्टीवरच्या तेरा नटांवर ती रेघ आहे. ह्या नटावर नाही. घाईत राहिली असेल. लग्नघर असल्यासारखी गर्दी होती तेव्हा शेडमध्ये.

तरी कळव.

ताई


१२ फेब्रुवारी, सकाळी अकरा

कालचं पत्र पेटीत टाकून झालंय, ते परत काढता येत नाही. पण हे आत्ताच लिहायला हवं.

आज सकाळी मी तो नट काढला. वायर हातात आली. तिच्या टोकाला नंबराचा पांढरा तुकडा नाही. तुझ्या हातची बिननंबराची वायर मी आजवर पाहिलेली नाही. हेडफोनच्या केसाएवढ्या वायरीलासुद्धा तू बाळाला टोपडं घालावं तसा नंबर घालायचास.

मग टोकाची थिंबल पाहिली, वायर बोल्टला अडकवायची ती धातूची कडी. तुझ्या निळ्या दांड्याच्या हत्याराने दाबलेल्या जाड थिंबलच्या पोटावर सहा बाजूंचा ठसा असतो. दाबून झाली की तू ती दातओठ खाऊन ओढून बघायचास आणि मला म्हणायचास, ताई, तू पण लोंबकळ. ह्या थिंबलवर तसला ठसाच नाही. ती चपटी केलेली आहे. छिन्नी ठेवून हातोडीने घातलेले दोन घाव, एकाला एक लागून, जरासे तिरके.

ते दोन तिरके घाव मी तीस वर्षं बघत आले आहे. गॅरेजमध्ये डबा द्यायला जायची तेव्हा प्रत्येक ट्रकच्या बॅटरीवर तसलेच असायचे.

आणि वायसरखाली रंग आहे. माझा हिरवा रंग, मी त्या सांगाड्याला दिलेले तीन हात, वरून चकचकीत. कुठे खरवडलेला नाही. रंगातून वीज जात नाही हे आता मलासुद्धा कळतं. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वाहत असणार, म्हणून जमिनीवर सगळं चाललं. वर गेल्यावर इंजिनाच्या थरथरीने नट सैल झाला, आणि आठव्या मिनिटाला रेडिओ गेला, स्क्रीन गेला, पेट्रोल चढवणारा पंप गेला आणि इंजिन बंद पडलं. मग ते नांगरलेलं शेत, तो चर, आणि ह्यांचं खुब्याचं हाड.

मी तिथेच खिळ्यांच्या डब्यावर बसून राहिले. किती वेळ कुणास ठाऊक. वखारवाला येऊन विचारून गेला, बाई, बरं वाटत नाही का? मी त्याला म्हटलं, वायसर शोधतेय. वायसर माझ्या मुठीत होता.

हे तुझं काम नाही रे. हे तुझं काम नव्हतंच.

इस्पितळाच्या जिन्यात मी तुला काय बोलले ते मला आठवत नाही, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे. अक्षर न् अक्षर आठवतं. चार माणसांसमोर मी तुला म्हटलं, तुझे हात झडोत. सख्ख्या भावाला. तू पाण्याची बाटली घेऊन उभा होतास. ती पायरीवर ठेवलीस आणि गेलास.

पाचव्या दिवशी तू शेडवर आला होतास, मला एकदा आत बघू दे म्हणालास. कुलूप मी तोवर बदललेलं होतं, ते उघडलं नाही. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

शेडच्या जुन्या कुलपाच्या किल्ल्या तीन होत्या. एक तुझी, एक माझी. पुढचं वाक्य मला लिहवत नाही.


१६ फेब्रुवारी

ठोंब्या,

तीन दिवस मी ह्यांना काही विचारलं नाही. गोळ्या दिल्या, पाय चोळून दिला, अंघोळीचं स्टूल ठेवलं. मनात एकच की मला चुकीचं दिसलं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. माणूस किती मूर्ख आशा धरून बसतो बघ.

आज सकाळी चहाचा कप दिला आणि बशीशेजारी ती थिंबल ठेवली.

हे काय आहे, असं त्यांनी विचारायला हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होते. चष्मासुद्धा न लावता ते म्हणाले, “अखेर खोललंस तू.”

अखेर. माझ्या कानात तो एकच शब्द राहिला. म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज ते त्याच खुर्चीत बसत होते, माझ्या हातचं खात होते, आणि त्यांना माहीत होतं.

मग सांगितलं सगळं, खालमानेने. उड्डाणाच्या आदल्या दुपारी तू कागदपत्रांच्या सह्या आणायला गेला होतास, मी दुकानात होते. ह्यांना चैन पडेना म्हणून एकटेच जाऊन इंजिन चालू करून बसले. हेडफोनमध्ये शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. गॅरेजमध्ये असली तक्रार आली की पहिलं काम ठरलेलं, बॅटरीची अर्थिंग काढायची आणि सरळ चासीवर घट्ट मारायची. हात आपोआप गेला म्हणाले. बोल्ट जाड होता म्हणून ट्रकची थिंबल ठोकली. आवाज थोडा कमी झाला तेव्हा स्वतःवरच खूष झाले. तुला सकाळी सांगणार होते. सकाळी मैदानावर सगळा क्लब जमला, कुणीतरी हार घातला, आणि राहून गेलं.

मी विचारलं, रंग का नाही खरवडला? ट्रकला तर तुम्ही कानस मारल्याशिवाय वायर टेकवत नाही.

“तू तीन हात दिले होतेस,” हे म्हणाले. “म्हटलं, ओरडशील.”

मला हसू आलं. विचित्र हसू, थांबेचना. माझ्या ओरडण्याला भिऊन एक माणूस आकाशातून पडला. आणि मी खरंच ओरडले असते रे. तो सांगाडा मी किती हौसेने रंगवला होता.

पण खरा घाव पुढेच होता. मी विचारलं, तुम्हाला हे आठवलं कधी? मला वाटलं, सहा महिन्यांनी, वर्षाने म्हणतील. ते म्हणाले, इस्पितळात, तिसऱ्या दिवशी, गुंगी उतरली तेव्हा. मी नेमकी त्याच वेळी जाऊन सांगितलं होतं, भावाला हाकललंय, आता शांत पडा.

“तेव्हाच सांगणार होतो,” हे म्हणाले. “पण तू म्हणालीस, ज्याने हे केलं त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही. मला तर उठून बसतासुद्धा येत नव्हतं.”

ऐकलंस? ते मला भ्याले. मी टाकून देईन म्हणून भ्याले आणि तुला टाकू दिलं. नंतर रोज एक दिवस उशीर होत गेला आणि मग तोंडच राहिलं नाही, असं म्हणाले. डोळे पुसत होते. मी पुसायला कापड दिलं नाही.

उठून दुकानात गेले. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. घालून बघणाऱ्या बाई म्हणाल्या, अहो, हे काय? मी म्हटलं, उसवते. उसवून पुन्हा दोन्ही डाव्याच लावल्या.

तू उत्तर का देत नाहीस ते आता कळतंय. देऊ नकोस. पण मला एक सांगायचंच आहे. तुला क्लबमधून काढलं ते आपोआप नाही. मी त्यांना पत्र लिहिलं होतं. रेडिओ आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या विमानाला हात लावू देऊ नका, आज माझा नवरा आहे, उद्या तुमचा मुलगा असेल, असं लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

ताई


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

काल तुझ्या बायकोला फोन केला. तिने तो उचलला हेच खूप झालं.

मला वाटत होतं, तू वाचतोस आणि फाडतोस. ती म्हणाली, वाचतच नाहीस. माझं अक्षर दिसलं की पाकीट तसंच कपाटावर जातं. मग तिनेच पुढे सांगायला सुरुवात केली. तुझं दुसरीकडे छान चाललंय असं मी समजून होते. मावशीने सांगितलं होतं, मोठ्या गोदामात लागलाय, बसून काम आहे. ती म्हणाली, खोकी मोजतात. सकाळी आलेली खोकी, संध्याकाळी गेलेली खोकी. पाना नाही, पक्कड नाही. घरातला दिवा गेला तर खालच्या इलेक्ट्रिशियनला बोलावतात. स्वतः बटणाची पाटीसुद्धा उघडत नाहीत. एकदा ती चिडून म्हणाली, अहो, दोन स्क्रूंचं काम आहे. तर तू म्हणालास, मी लावलं आणि कुणाला काही झालं तर?

हे मी काय करून बसले? हात झडोत असं मी तोंडाने म्हटलं होतं फक्त. तू ते खरं केलंस.

ती म्हणाली, रविवारी कॅलेंडरची मागची पानं घेऊन तू आपल्या विमानाच्या सगळ्या वायरी आठवून आठवून काढतोस. पट्टी, स्क्रीन, रेडिओ, एकूण एक नंबर. मग एकेक वायरवर बोट फिरवतोस आणि तिला विचारतोस, सांग, कुठे चुकलो असेन? तिला त्यातलं काय कळणार? अशी चाळीस-बेचाळीस पानं झालीत म्हणे.

मला वाटलं होतं, तू तिकडे बसून आम्हाला शिव्या घालत असशील. मी खोटा आळ घेतला हे तुला ठाऊक असेल. तुला ठाऊकच नव्हतं. तूही माझ्यासारखंच धरून बसलास की चूक तुझी. आणि कागदावर ती सापडणार कुठून? कागदावर सगळं बरोबरच होतं.

बायकोला मी सांगितलं, फोनवरच, चौदाव्या वायरचं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, हे मी त्यांना नाही सांगणार, माझ्या तोंडून ते मानणार नाहीत. तुम्ही या. आणि एकट्या येऊ नका.

ताई


२५ फेब्रुवारी

हे पत्रही कपाटावर जाणार, तरी लिहिते. लिहिलं नाही तर मला काम सुचत नाही.

बायकोचं म्हणणं ह्यांना सांगितलं. मला वाटलं, सबबी पुढे करतील. पाय, जिने, डॉक्टर, काहीतरी. हे म्हणाले, “मी सांगणार. तू नुसती बरोबर चल.” लगेच कागद मागितला आणि क्लबला पत्र लिहिलं. ट्रकच्या कामाची पावती लिहावी तसं चार ओळींत. आदल्या दिवशी मी बॅटरीची अर्थिंग हलवली, कुणाला सांगितलं नाही, रंग काढला नाही, दोष संपूर्ण माझा. खाली सही. मी त्याच पाकिटात माझं पत्र घातलं. माझं मात्र दोन पानं झालं, कारण मला तेव्हाचा एकेक शब्द परत घ्यायचा होता.

क्लबच्या सचिवांनी थिंबल आणि वायसर मागून घेतला. भिंग लावून बघितला. म्हणाले, बाई, हे तर खिडकीतून बघूनसुद्धा कळलं असतं. दोन वर्षांत कुणी ताडपत्री उचलली नाही का?

ताडपत्री मीच घातली होती आणि वर दोरीसुद्धा मीच आवळली होती. बघवत नाही, असं म्हणायची सगळ्यांना.

घरात आम्ही बोलतो म्हणजे गोळी घेतली का, दूध ठेवलंय, एवढंच. मला ह्यांच्याकडे बघितलं की राग येतो, आणि वॉकरचा टकटक आवाज आला की धावत जाते. दोन्ही एकाच वेळी. असं होतं का रे कुणाला?

रविवारी येतो आहोत. तुझ्या बायकोने सांगितलं नसेल तर तुला ते कळणारही नाही, कारण हे पत्र तू वाचणार नाहीस.


३ मार्च

ठोंब्या,

परत आलो. हे आल्यापासून झोपलेत. मी हातपाय धुवायच्या आधी लिहायला बसले आहे, कारण तुझ्या दारात मला जे बोलता आलं नाही ते विसरायच्या आत कागदावर यायला हवं.

तीन मजले, लिफ्ट बंद. ह्यांनी वॉकर खालीच ठेवला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढले. प्रत्येक वळणावर मी म्हणायची, राहू दे, मी त्यालाच खाली बोलावते. हे मान हलवायचे. चाळीस मिनिटं लागली. तू दार उघडलंस तेव्हा ह्यांच्या अंगातला सदरा ओला झाला होता आणि धाप लागली होती. तू आधी खुर्ची आणलीस. माझ्याकडे बघितलंच नाहीस, पण ह्यांच्यासाठी खुर्ची आणलीस.

ह्यांनी सांगितलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, तू ओरडशील, निदान रडशील. तुझ्या केसांत किती पांढरं आलंय रे. तू शांतपणे सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “भाऊजी, शिट्टी इंजिनाच्या वेगाबरोबर वाढायची?”

हे हो म्हणाले. तू डोळे मिटलेस. म्हणालास, म्हणजे हेडफोनच्या वायरवरची जाळी, तिला मी दोन्ही टोकांना अर्थिंग दिलं होतं. एकाच टोकाला हवं. पाच मिनिटांचं काम होतं. मला फोन केला असतात तर येऊन केलं असतं. म्हणजे शिट्टी माझीच होती.

दोन वर्षं बेचाळीस कागदांवर चूक शोधलीस, आणि आम्ही आमची कबूल करायला आलो तर त्यातूनही तू आपलीच काढलीस. मी म्हणाले, अरे, शिट्टीने कुणी खाली पडत नाही. माझा आवाज चढला होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुझ्या बायकोने कपाटावरची पाकिटं आणून तुझ्यासमोर ठेवली. तू ती वरखाली केलीस. उघडली नाहीस. आम्ही निघालो, हे दोन पायऱ्या उतरले, आणि तू माझ्या मागून दारात आलास. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोललास.

“ताई,” तू म्हणालास, “तू विचारलंच नाहीस. ‘ही वायर इथे तू लावलीस का?’ एवढंच. मी नाही म्हटलं असतं.”

तेवढं बोलून तू उभा राहिलास. आवाज चढवला नाहीस, मला टाकूनही बोलला नाहीस. हे खाली थांबले होते, त्यांचा तोल जात होता, आणि मी उतरले. उतरले हेच चुकलं. ह्यांना दोन मिनिटं कठड्याला धरून उभं राहता आलं असतं.

सगळ्या रस्ताभर मी तेवढंच ऐकत आले. तू शेडवर आला होतास, म्हणाला होतास एकदा बघू दे. मी दार उघडून नुसतं विचारलं असतं तर तू बोट ठेवून दाखवलं असतंस, ही माझी नाही. मी रागावले, रडले, पत्रं लिहिली, शाप दिला. विचारलं मात्र नाही. ह्यांनी शिट्टी ऐकली, त्यांनीही नाही. लहानपणापासून मी तुला सांगतच आले. हे कर, ते करू नको, इकडे ये, चालता हो. विचारायची मला कधी सवयच नव्हती.

क्लबच्या सचिवांनी निरोप दिलाय, तुझी जागा तुझी आहे, कधीही ये. तो निरोप मी फक्त पोचवते आहे. जा असं म्हणत नाही. शेड महिनाअखेरीस गेली, यंत्रं अजून माझ्याकडे आहेत, पेटीत. ये असंही म्हणत नाही.

आज मी फक्त विचारते. मला पहिल्यांदाच जमतंय, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घे. तुला माझं तोंड पुन्हा बघायचं आहे का? नको म्हणालास तरी चालेल. मी रडेन, पण ऐकेन.

तू काय म्हणतोस?

ताई